मधल्या घंटेचा दोर

वाल्तेर शिडीवरून पडला तो नेमका सणाच्या आदल्या दिवशी, खिडकीला लाल पडदा टांगताना. आणि तुन्योलींच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो ‘फार लागलं का?’ हा नव्हे, तर ‘आता मधली कोण ओढणार?’ हा. विचारणारे अर्थातच लेआर्को. एक्याऐंशी वर्षांचा हा सासरा अंगणात आडव्या पडलेल्या जावयाच्या उशाशी उभा राहून त्याच्या खांद्याकडे बघत होता, गाडीवाल्याने पाय मुरगळलेल्या घोड्याकडे बघावं तसा.

निव्हेसला बापाचा राग आला नाही. नवरा विव्हळत असताना तिच्याही मनात तोच प्रश्न आला होता, आणि नंतर दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या तिला त्याची लाज वाटली. पण करणार काय? पडद्यांचा सण इटलीतल्या पिएव्हे सालिचे गावात दहा वर्षांतून एकदा येतो. घराघराच्या खिडक्यांना लाल पडदे लागतात, दूधभाताचा केक शंकरपाळ्यांसारखा कापून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे धरला जातो, आणि संध्याकाळी पाच वाजता मनोऱ्यातल्या चारही घंटा वाजतात: थोरली, मधली, सानमधली आणि धाकली. चार म्हणजे चारच. तीन घंटांवर सणाचं वाजवणं म्हणजे तीन पायांची खाट. चार पिढ्या ह्या घंटा तुन्योलींच्या हाताखाली होत्या, आणि चार पिढ्यांत सणाच्या दिवशी मनोरा मुका राहिला असं एकदाही झालं नव्हतं.

त्यात ह्या वर्षी एर्मेस गावात यायचा होता.

एर्मेस म्हणजे निव्हेसचा चार वर्षांनी धाकटा भाऊ. एकवीस वर्षांचा असताना एक गिटार आणि दोन शर्ट घेऊन तो घरातून निघाला. दोन वर्षं तो बारमध्ये गायला, लोक जेवत असताना, काट्याचमच्यांच्या आवाजावर. त्याची पहिली तबकडी तीनशे खपली, आणि त्यांतल्या अकरा निव्हेसने घेतल्या होत्या, वेगवेगळ्या दुकानांतून, कुणाला संशय येऊ नये म्हणून. दुसरीच्या वेळी कंपनीवाले म्हणाले, केस काप आणि आवाजातली खरखर काढ. त्याने दोन्ही ठेवलं, कंपनी सोडली. तिसरीतलं एक गाणं, ज्यात ढोलाचा एक ठोका दर वेळी जागा सोडून आधीच पडतो, ते एका उन्हाळ्यात सगळ्या देशाने उचललं. ट्रकवाले म्हणू लागले, नवरीमुली म्हणू लागल्या, शेवटी पाद्रीसुद्धा गुणगुणू लागले. मग मैदानं आली, मग स्टेडियमं. मिलानमध्ये ऐंशी हजार माणसं त्याच्याबरोबर गायली, तेव्हा निव्हेस पहिल्या रांगेत उभी राहून रडत होती आणि लेआर्को घरी कोंबड्यांना दाणे टाकत होते.

नाताळला एर्मेस घरी येई. बापलेक समोरासमोर बसून धुक्याबद्दल बोलत. मनोऱ्याचा विषय कुणी काढत नसे. आणि तीस वर्षांत देशातलं एक गाव त्याने गायचं ठेवलं नव्हतं, फक्त स्वतःचा चौक सोडून. ह्या सणाच्या रात्री तो तिथे गाणार होता. मनोऱ्यासमोर मंच उभा राहिला होता, आणि सणाच्या सकाळपासून परगावची पोरं चौकात सतरंज्या टाकून बसली होती.

*

रविवारी दुपारी जेवायला अंगणात सहाजण होते. वाल्तेर, हात गळ्यात बांधलेला. त्याची आणि निव्हेसची मुलगी अंब्रा, सत्तावीस वर्षांची, जी धाकली ओढायची. तुन्योलींच्या घरातली दोर धरणारी पहिली बाई. लेआर्कोंचे धाकटे भाऊ मेदार्दोकाका, जे पन्नास वर्षं सानमधलीवर होते. एर्मेस आणि त्याच्यासमोर लेआर्को. निव्हेस बसत नव्हतीच. ती रश्शातले तोर्तेल्लीनी, सारण भरलेल्या त्या कणकेच्या पुड्या, वाढत फिरत होती, कारण उभ्या माणसाला भांडणात कुणी ओढत नाही, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव.

‘‘आर्जिनेत्तोवाल्यांकडे निरोप धाडलाय,’’ लेआर्को वाटीत बघत म्हणाले. ‘‘त्यांचा म्होरक्या गुएर्रीनो स्वतःचा पुतण्या देतोय मधलीला.’’

आर्जिनेत्तो म्हणजे कालव्यापलीकडचं गाव. त्यांच्या घंटावाल्यांनी आणि पिएव्हेच्या घंटावाल्यांनी एकमेकांना पाण्यात पाहायचं, हा रिवाज लिहून ठेवलेल्या कायद्यापेक्षा जुना होता.

‘‘गुएर्रीनोचा पुतण्या?’’ अंब्राने चमचा खाली ठेवला. ‘‘आजोबा, आपल्या मनोऱ्यात? त्यापेक्षा मांजर बांधा दोराला.’’

‘‘मांजराला सणाचं पाठ नाही.’’

‘‘ज्याला पाठ आहे तो तुमच्यासमोर बसलाय.’’

एर्मेसने वर बघितलं नाही. डोक्यावर केस पांढरे व्हायला लागलेले, एक्कावन्न वर्षांचा बाप्या, पण ह्या टेबलाशी बसला की त्याचे खांदे आत जात. निव्हेसला ते दर नाताळला दिसे.

‘‘अंब्रा, जेव,’’ ती म्हणाली. आज भांडण नको, एवढंच तिला हवं होतं. रात्री भाऊ गाईल, बाप खिडकी तरी उघडी ठेवेल, बस्स.

‘‘मी तर म्हणतो गुएर्रीनोचा पुतण्या बरा,’’ वाल्तेर डाव्या हाताने रस्सा सांडत म्हणाला. सासऱ्याच्या बाजूने बोलण्याची त्याला सवय होती. ‘‘एर्मेसला वाईट वाटू नये. पण तीस वर्षं दोराला हात नाही. पाचशे किलोची घंटा आहे, गिटार नाही.’’

‘‘हात नाही हे कारणच नाही,’’ लेआर्को म्हणाले. ‘‘हात परत येतो. चौऱ्याऐंशीच्या सणाला ह्याने काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. सातव्या फेरीत मधली जागा सोडून वाजली. आर्जिनेत्तोवाले खाली उभे, टोप्या काढून ऐकतायत, आणि आमची मधली उधळलेल्या वासरासारखी मध्येच घुसते! मी ह्याच्या हातातून दोर काढून घेतला. तुन्योलीच्या हातातून तुन्योलीने.’’

‘‘आणि त्याच रात्री मी गेलो,’’ एर्मेस म्हणाला. ‘‘पूर्ण सांगा ना, बाबा.’’

‘‘गेलास. आणि त्या चुकीचं गाणं करून देशाला विकलंस.’’

तेव्हा कुठे निव्हेसला कळलं, की म्हाताऱ्याने ते गाणं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, जागा सोडून पडणारा तो ठोका कुठून आला हेही ओळखलं होतं. तिच्या हातातली पळी रश्शात तशीच राहिली.

‘‘ताई, मी इथे गायला आलो नाही,’’ एर्मेस तिच्याकडे बघून बोलला, पण ऐकवायचं होतं ते बापाला. ‘‘गायला मला जागा पुष्कळ आहेत. सण होता म्हणून आलो. दहा वर्षांपूर्वी आलो नाही, वीस वर्षांपूर्वी आलो नाही. म्हटलं, बाबा एकदा तरी म्हणतील, वर ये. काल वाल्तेर पडला तरी म्हणत नाहीत. आता अजून दहा वर्षं कुणी थांबायचं?’’

पुढच्या सणाला लेआर्को एक्क्याण्णव वर्षांचे झाले असते. हा हिशेब टेबलावरच्या प्रत्येकाने मनातच केला.

निव्हेसने पळी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. आयुष्यात पहिल्यांदा भांडणात बसली. ‘‘बाबा, परीक्षा घ्या त्याची. इथेच, टेबलावर. चुकला तर मी स्वतः गुएर्रीनोच्या पुतण्याला केक भरवते.’’

तुन्योलींच्या घरात पोरं बोलायच्या आधी टेबल वाजवायला शिकत. घंटांचं गाणं कुठे लिहिलेलं नसे. चारजण चार बाजूंना बसत, एकेकाने एकेक घंटा घ्यायची, आणि आपली पाळी आली की बोटांची पेरं टेबलावर आपटायची. लेआर्कोंनी रुमालाने मिशा पुसल्या. परीक्षा म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येत नसे.

‘‘वाल्तेर, थोरली घे, डाव्या हाताने. मेदार्दो, अंब्रा, आपापल्या. आणि तू, मधली. मी डोळे मिटणार. मला डोळ्यांची गरज नाही. कान आहेत.’’

पहिली फेरी गेली. दुसरी. वाल्तेरचा ठोका जड, अंब्राचा टिचकीसारखा, आणि एर्मेसचा असा सहज, की जणू काल रात्रीच वाजवून उठला होता. पाचवी, सहावी. म्हाताऱ्याची मान हलत होती, आणि त्यांच्या लक्षात येण्याआधीच ओठांच्या कडा वर गेल्या होत्या.

सातव्या फेरीत मेदार्दोकाकांचा हात हवेतच राहिला.

का राहिला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. निव्हेस त्यांच्याकडेच बघत होती. सानमधलीची पाळी आली, आणि हात वरच. गाण्यात भोक पडायला क्षणही लागत नाही. पण भोक पडलंच नाही. एर्मेसच्या पेरांनी टेबलावर ठोका दिला, स्वतःच्या पाळीच्या आधी, काकांच्या रिकाम्या जागेवर. मग लगेच स्वतःचाही दिला, आणि गाणं पुढे गेलं.

‘‘थांबा!’’ लेआर्कोंनी डोळे उघडले. ‘‘परत! परत तीच चूक! सातव्या फेरीत मधली आधी—’’

ते मध्येच थांबले. कारण त्यांनी डोळे उघडले तेव्हा मेदार्दोंचा हात अजून हवेत होता.

मग मेदार्दोकाकांनी तो हात हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

‘‘दादा,’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हाही असंच झालं होतं.’’

‘‘काय असंच?’’

‘‘चौऱ्याऐंशीला. झेलिंदा खाली चौकात पिवळा झगा घालून उभी होती. माझं अजून जमलं नव्हतं तिच्याशी. मी खिडकीतून खाली बघितलं, आणि माझी ओढ राहिली. भोक पडणार होतं. ह्या पोराने आपली घंटा त्यात घातली. चूक त्याची नव्हती. त्याने माझी झाकली.’’

‘‘आणि तू गप्प बसलास?’’

‘‘तू त्याच्या हातातून दोर काढलास तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. रात्री सांगू म्हटलं. रात्री तो गेला. मग सकाळी सांगू म्हटलं.’’ काकांचे डोळे भरून आले. ‘‘तीस वर्षं उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत आलोय, दादा. त्याला पहिली चांगली गिटार मीच घेऊन दिली ना, ती काय प्रेमाने? प्रेम होतंच. पण जास्त लाज होती.’’

अंब्रा उठून उभी राहिली होती. ‘‘मामा, तू का नाही बोललास?’’

एर्मेसने खांदे उडवले. ‘‘काकांचं लग्न जमायचं होतं. आणि मला वाटलं, बाबांना कळेल. बाबांना सगळंच ऐकू यायचं.’’

हे वाक्य त्याने टोमणा म्हणून मारलं नव्हतं, आणि म्हणूनच ते वर्मी लागलं. निव्हेसने बापाकडे बघितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता.

‘‘म्हणजे माझे कान चुकले?’’ लेआर्को म्हणाले.

‘‘दादा, तुझी पाठ होती माझ्याकडे, तुला दिसत नव्हतं—’’

‘‘घंटावाल्याला दिसायचं नसतं, ऐकायचं असतं! मला मधली ऐकू आली. मला नसलेली सानमधली ऐकू यायला हवी होती.’’ त्यांनी टेबलाला धरून स्वतःला उभं केलं, भिंतीवरची टोपी घेतली आणि फाटकाबाहेर चालू लागले.

‘‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही,’’ वाल्तेर पुटपुटला. मग त्याने गळ्यातल्या हाताकडे बघितलं, एर्मेसकडे बघितलं, आणि बाजू बदलली. ‘‘जा रे त्यांच्यामागे. माझा दोर तूच घे. गुएर्रीनोच्या पुतण्याने घेतला तर मी दुसरा खांदाही मोडून घेईन.’’

*

पाचला दहा मिनिटं होती. मंचावरचे ढोल गप्प होते. पाचच्या आत एकही कांडी वाजवायची नाही, असा लेआर्कोंचा हुकूम सकाळीच गेला होता. चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. एर्मेसला बघून पोरांनी आरोळी ठोकली, हात पुढे केले, कुणी शर्ट ओढला. तो हसत, वाट काढत मनोऱ्याच्या दाराशी आला. निव्हेस, अंब्रा आणि मेदार्दोकाका त्याच्यामागे.

दारात लेआर्को उभे होते. शेजारी थोरली ओढणारे सुताराचे दोघे मुलगे. आणि समोर आर्जिनेत्तोचा सगळा ताफा, मध्ये गुएर्रीनो, पंचाहत्तरीचा, पोट पुढे काढून, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून.

‘‘काय लेआर्को,’’ गुएर्रीनो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘शेवटी आमच्याकडेच यावं लागलं. पोरगं तयार आहे हो. घ्या.’’

एर्मेस तीन पावलांवर थांबला होता. तो पुढे आला नाही. पुढे यायचं ते बोलावल्यावर, एवढं त्याच्यात बापाचं होतंच.

लेआर्कोंनी पुतण्याकडे नीट बघितलं. ‘‘चांगलं पोरगं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘घरी घेऊन जा. माझा माणूस आलाय.’’ आणि मान न वळवता, नेहमीच्या खेकसण्याच्या आवाजात, ‘‘एर्मेस, वर. तिथे काय फोटो काढायला उभा राहिलास?’’

एर्मेस दारातून आत गेला तो एका वेळी तीन पायऱ्या घेत. मेदार्दोकाका मात्र उंबऱ्याशीच घुटमळले. ‘‘मी नको, दादा. माझ्या जागी त्यांचं पोरगं—’’

‘‘तू चढायचंस. आणि खाली बघायचं नाही. झेलिंदा आता तीस वर्षं तुझ्याच घरात आहे.’’

एकशे बारा पायऱ्या. निव्हेस बापाचं कोपर धरून चढली. अठ्ठावीस वर्षांची असताना इथे चढायला बाईला बंदी होती; आज पंचावन्नाव्या वर्षी तिच्या मुलीचा दोर वर वाट बघत होता. मध्ये दोनदा म्हातारा थांबला, धापा टाकत. ती म्हणाली, ‘‘बाबा, त्याला काहीतरी बोला.’’ ते म्हणाले, ‘‘आधी वाजवू दे. बोलणं काय, कुठेही होतं.’’

घंटा उठवायला पाच मिनिटं लागली. चार दोर, पाच माणसं. आधी नुसत्या झोके घेणाऱ्या, मग उंच, मग आणखी उंच, जोवर चारही घंटा तोंड आभाळाकडे करून उभ्या राहिल्या आणि मनोरा क्षणभर गप्प झाला. एर्मेसचे तळवे एवढ्यातच सोलले होते. तो हसत होता. निव्हेसने त्याला मिलानच्या मंचावर असं हसताना बघितलं नव्हतं.

‘‘चला,’’ लेआर्को म्हणाले.

मग जे झालं त्याला वर्णन नाही. ते पिएव्हेच्या माणसाने अंगावर घ्यायचं असतं. थोरली मनोऱ्याच्या दगडांतून खाली पायांत उतरत होती. धाकली वर टिपेला चमकत होती. आणि त्या दोघींना बांधून ठेवणारी मधली, जागेवर, दर फेरीला जागेवर, केसभरही मागेपुढे नाही. पाचवी फेरी गेली. सहावी गेली. सातवीला मेदार्दोकाकांनी दात-ओठ खाऊन असा दोर ओढला की पाय फळीवरून उचलले गेले, आणि सानमधली वाजली. तिच्यामागून मधली आली. एर्मेस मोठ्याने ओरडला, आनंदाने, शब्दावाचून.

शेवटच्या ठोक्याला घंटा पुन्हा उलट्या उभ्या राहिल्या. त्या खाली उतरवायच्या बाकी होत्या. पण त्याआधी थोडी विश्रांती असते. खालचा चौक वेडा झाला होता. ज्या पोरांनी आयुष्यात अशा घंटा ऐकल्या नव्हत्या तीही टाळ्या वाजवत होती.

लेआर्को मुलाकडे गेले नाहीत. ते खिडकीशी गेले. दोन्ही हातांनी कठडा धरून बाहेर वाकले. निव्हेसने घाबरून त्यांचा कोट मागून पकडला.

‘‘गुएर्रीनो!’’ म्हातारा ओरडला. सत्तर वर्षं घंटांवरून ओरडून तयार झालेला आवाज होता तो. चौक चिडीचूप झाला. ‘‘ऐक! तुम्ही सगळे ऐका! चौऱ्याऐंशीला सातव्या फेरीत जे चुकलं, ते माझ्या पोराने चुकवलं नव्हतं! त्याने सावरलं होतं! चूक माझ्या कानांची होती! माझ्या, लेआर्को तुन्योलीच्या!’’

मागे एर्मेसच्या हातातला दोर सैल झाला.

खाली आर्जिनेत्तोच्या घोळक्यातून गुएर्रीनोने तोंडाभोवती हात धरले. ‘‘आम्हाला माहीत होतं!’’

‘‘काय?’’

‘‘खालून घंटा दिसतात, बाबा! तुमची सानमधली उभीच राहिली होती! सगळ्यांनी बघितलं!’’

‘‘मग तीस वर्षं मूग गिळून का बसलात, गाढवांनो?’’

‘‘तुमचा सगळ्यात चांगला माणूस तुम्हीच हाकलत होता!’’ गुएर्रीनोचा आवाज वरपर्यंत स्वच्छ आला. ‘‘आम्ही कशाला अडवू?’’

चौकात हशा पिकला. परगावच्या पोरांना काहीच कळलं नव्हतं, पण तीही हसली आणि एर्मेसच्या नावाचा घोष सुरू झाला. हजारो तोंडांतून, मनोऱ्याच्या पायापासून कालव्यापर्यंत. एर्मेसने तिकडे कानही दिला नाही. तो बापाकडे बघत होता.

लेआर्को कठड्यापासून वळले. डोळे पुसायला रुमाल काढला आणि पुसलं मात्र नाक.

‘‘ऐकलंस ना?’’ ते म्हणाले. ‘‘सगळ्यात चांगला माणूस. आर्जिनेत्तोवाले म्हणतायत. त्यांनी आमच्याबद्दल कधी चांगलं खोटं बोललेलं नाही.’’

एर्मेसने बाहीने चेहरा पुसला. निव्हेसनेही रुमालाच्या शोधात हात फिरवला आणि मग तिला आठवलं की अंगावर एप्रन आहे, तेव्हा तिने त्यानेच पुसला. मेदार्दोकाका तर भिंतीकडे तोंड करून उघडच रडत होते.

लेआर्कोंनी एर्मेसचा हात उलटा करून सोललेला तळवा बघितला. क्षणभर अंगठा त्याच्यावरून फिरवला. मग तो हात होता तसा दोरावर ठेवून दिला.

‘‘घट्ट धर,’’ ते म्हणाले. ‘‘घंटा अजून उभ्या आहेत.’’